छपराचं काम आणि यंत्रं: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात छपरावर पोट असलेली माणसं साधारण तीन प्रकारची आहेत. एक, कौलं परतणारे आणि वासे-रिपा बदलणारे सुतार. दुसरे, लोखंडी कैची म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा उभारून पत्रा मारणारे फॅब्रिकेटर आणि त्यांचे हेल्पर. तिसरे म्हणजे स्लॅब टाकणाऱ्या टोळ्या. त्यांत सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे आणि घमेली वाहणारी माणसं, विशेषतः बायका, येतात. मशीन आलं की आपलं काय होणार, ही चिंता तिन्हीकडे आहे. हे पान त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि त्यांना काम देणाऱ्यांसाठी आहे.

रोबोट छपरावर चढून काम करतात, हे खरं आहे का?

खरं आहे, पण ते छप्पर वेगळ्या जातीचं आहे. अमेरिकेत बहुतेक घरांच्या छपरावर सपाट लाकडी फळ्या ठोकतात आणि त्यावर शिंगल म्हणजे डांबराच्या चपट्या पट्ट्या खिळ्यांनी मारत जातात. सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या, खाली सपाट पृष्ठभाग आणि एकच क्रिया हजारो वेळा करायची. असं काम यंत्राला सोपं जातं. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ पंख्यांच्या ड्रोनला खिळे मारायची गन बसवून शिंगल ठोकून दाखवली. न्यूयॉर्कच्या रिनोव्हेट रोबोटिक्स या कंपनीने शिंगल बसवणारं ‘रूफस’ नावाचं यंत्र तयार करायला घेतलं.

आपल्याकडे शिंगलचं घर शोधून सापडायचं नाही. जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या जुन्या घराचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, बघा. वासे हाताने तासलेले, आढं मधे थोडं बसलेलं, रिपांमधलं अंतर जागोजागी वेगळं. कौल हातात घेतल्यावर ते कुठे बसेल आणि कुठे डुगडुगेल, हे मेस्त्रीला बोटांनी कळतं. कुठली रीप पाय सोसेल आणि कुठली आतून वाळवीने खाल्ली आहे, हे तो पाय ठेवायच्या आधी ओळखतो. अशा छपरावर आपणहून काम करणारं यंत्र आज बाजारात नाही.

छपराचं काम करणाऱ्यांची नोकरी जाण्याची शक्यता ९० टक्के आहे, असं मोबाइलवर वाचलं. मग?

हा आकडा २०१३ च्या एका अभ्यासातून फिरत आला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेतले आणि त्यांतलं कुठलं काम संगणक व यंत्र करू शकेल याचा अंदाज मांडला. छपराचं काम करणाऱ्यांसमोर त्यांनी ०.९० ही शक्यता लिहिली.

तो आकडा तांत्रिक शक्यतेचा होता. यंत्राला किती खर्च येईल, मजूर किती स्वस्त मिळतो, घरमालकाला काय परवडतं, हे त्यात मोजलेलं नव्हतं. शिवाय तो अमेरिकेतल्या कामाविषयी होता. खानापुरातल्या कौलारू घराला किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्या आकड्याला घाबरून कुणी हातातली कला सोडू नये.

म्हणजे आम्हाला धोका नाही?

आहे. धोका रोबोटच्या रूपात येत नसल्यामुळे तो ओळखू येत नाही, एवढंच. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्लॅब कसा टाकायचे, हे जुन्या माणसांना विचारून बघा. खाली फावड्याने माल कालवायचा, शिडीवर आणि परांचीवर माणसांची रांग लावायची, आणि घमेलं हातातून हातात वर जायचं. एका घराच्या स्लॅबला अख्खी गल्ली राबायची. पहाटे नारळ फोडून सुरू झालेलं काम दिवस मावळेपर्यंत चालायचं, आणि संध्याकाळी घरमालक सगळ्यांना जेवण घालायचा.

मग हॉपरचा मिक्सर आला, त्याला लिफ्ट जोडली गेली, आणि रांगेतली निम्म्याहून जास्त माणसं एका फटक्यात कमी झाली. आता बेळगाव शहरात मोठ्या इमारतींच्या स्लॅबला रेडीमिक्सचा म्हणजे तयार काँक्रीटचा ट्रक येतो, बूम पंपाची सोंड थेट तिसऱ्या मजल्यावर जाते, आणि वर चार-सहा माणसं फक्त माल पसरून व्हायब्रेटर मारतात. हे सगळं कुठल्याही बातमीशिवाय घडलं. ऑटोमेशनची भीती घालणाऱ्या लेखांत मिक्सरचं नाव कधी येत नाही, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त हात रिकामे केले ते त्यानेच.

पत्र्याचीही तीच गत आहे. पूर्वी पत्रा ठरावीक लांबीत मिळायचा. लांब पाख्याला दोन-तीन पत्रे एकमेकांवर चढवावे लागत. प्रत्येक जोडाला जे-हुक, वॉशर, डांबर. वर एक माणूस, खाली एक माणूस. आता रंगीत पत्रा पाहिजे त्या मापात कारखान्यातून कापून येतो, आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच पट्टा. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आला, बॅटरीवरची गन आली. भोक पाडणं आणि आवळणं एकाच वेळी होतं. होनगा, मच्छे, उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या मोठ्या शेडला तर सांगाडाच कारखान्यात तयार होऊन नटबोल्टने जोडायला येतो. काही ठिकाणी पत्र्याला पन्हळी पाडणारं यंत्र ट्रकवर घालून थेट जागेवर आणतात.

यात दोन गोष्टी दिसतात, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचं मूळ इथेच आहे. पहिली: यंत्र आधी वाहणाऱ्याचं काम घेतं, मेस्त्रीचं नंतर. उचलणं, वर चढवणं, कालवणं, कापणं जातं. जुळवणं, पाणी कुठून शिरेल ते ओळखणं आणि जागेवर निर्णय घेणं राहतं. दुसरी: ज्यांचं काम आधी जातं त्यांचंच नाव कुठल्या वहीत नसतं. हेल्पर आणि घमेली वाहणाऱ्या बायका बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीत सर्वांत कमी सापडतात.

स्लॅबवर जाणाऱ्या बायकांनी काय करावं?

वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळी आणि आजूबाजूच्या गावांतून सकाळी टेम्पोत बसून कामाला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. वर्षानुवर्षं साइटवर राबूनही त्यांना कुणी हत्यार हातात दिलेलं नसतं. थापी, लाइनदोरी, स्क्रू गन पुरुषाकडे आणि घमेलं बाईकडे, अशी वाटणी झाली. यंत्राने नेमकं घमेलं घेतलं.

ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. बॅटरीची गन चालवायला ताकद थोडी आणि हात स्थिर लागतो. वॉटरप्रूफिंगचं काम, म्हणजे तडे खोलणं, केमिकलचे थर देणं, कोपऱ्यात जाळी बसवणं, हे बारकाईचं काम आहे आणि त्याला मागणी वाढते आहे, कारण जुने स्लॅब जागोजागी गळू लागले आहेत. केमिकल विकणारे दुकानदार आणि कंपन्या कामगारांना वापर शिकवतात. मेस्त्रीने आपल्या टोळीतल्या एक-दोन बायकांना तिथे न्यावं. मेस्त्री तयार नसेल तर बचत गटाने दुकानदाराला गाठावं. त्याला माल विकायचा असतो, शिकवायला तो सहसा नाही म्हणत नाही.

हजेरीही त्याप्रमाणे वाढली पाहिजे. काम मेस्त्रीचं आणि हजेरी घमेल्याची, असं होता कामा नये. एका कामाला एकच मोबदला, हे १९७६ च्या समान वेतन कायद्याने सांगितलं आणि आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आहे. साइटवर ते पाळलं जातं का, याकडे लक्ष ठेवायला टोळीतल्या पुरुषांनीही उभं राहावं.

कौलारू घरांचं काम टिकेल का?

टिकेल, पण घरं कमी होत जातील आणि मेस्त्री त्याहून वेगाने कमी होतील.

मंगलोरी कौलाचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. त्याआधीची नळीची कौलं कुंभार हाताने करायचे. म्हणजे मंगलोरी कौल हीच त्या काळातली यंत्राची चीज होती. दाबयंत्रातून निघालेलं, एका मापाचं, खाचेत खाच बसणारं. आपल्याकडे खानापूरची लाल माती कौलांना आणि भांड्यांना चांगली. तिथे कौलांचे कारखाने उभे राहिले, आणि केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे.

कौलाचं छप्पर वर्षाकाठी माणूस मागतं. मिरगाच्या आधी कौलं उतरवून झाडून परतायची, फुटकी काढायची, पन्हळीतला पाला काढायचा. माकडं एका दुपारी पन्नास कौलं फोडून जातात. हे काम करणारी माणसं खानापूर तालुक्यात आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, असं गावोगावी ऐकू येतं. त्यांची मुलं गोव्याला किंवा कारखान्यात गेली. माणूस मिळत नाही म्हणून घरमालक कौलं उतरवून पत्रा घालतो. इथे यंत्राने मेस्त्रीला हटवलेलं नाही. मेस्त्री मिळेना म्हणून कौल चाललंय, आणि कौल चाललंय म्हणून नवा मेस्त्री तयार होत नाही.

हे थांबवायला छोटं यंत्र उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. एका कौलाचं वजन दोन-तीन किलो असतं आणि १०० चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. एका घराला काही टन माती हाताने उतरवायची आणि परत चढवायची. तरुण मुलं या कामापासून पळतात ती या ओझ्यामुळे आणि पडण्याच्या भीतीमुळे. शिडीवर सरकणारी छोटी मोटरची लिफ्ट असली तर दोन माणसांत पाखं परतता येईल. युरोपात कौलं चढवायला अशा शिडी-लिफ्ट सर्रास वापरतात. उद्यमबागेत फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिकचं काम होतं. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. इतकी कारागिरी एका शहरात असताना कौलाची लिफ्ट इथे बनू नये, याचं वाईट वाटतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मुलांनी खानापूरच्या एखाद्या मेस्त्रीबरोबर एप्रिलमध्ये दोन दिवस काढावेत.

पत्र्याचं काम करणाऱ्यांनी काय शिकावं?

मोठ्या शेडची कामं हळूहळू बाहेरच्या कंपन्यांकडे जात आहेत. त्या आपली टोळी घेऊन येतात आणि स्थानिकांना हेल्पर म्हणून घेतात. त्या साइटवर नकाशा वाचता येणाऱ्याला मान आहे. कैचीचं ड्रॉइंग, पर्लिनमधलं (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर, स्क्रूची जाडी आणि लांबी, फ्लॅशिंग म्हणजे जोड झाकणारी पत्र्याची पट्टी कुठे कुणाच्या खाली जाते, एवढं कळलं तर हेल्परचा फोरमन होतो. सिझर लिफ्ट आणि बूम लिफ्ट ही माणसाला वर उचलणारी यंत्रं चालवायला शिकलेला माणूसही लगेच कामाला लागतो.

छोट्या कामात, म्हणजे गोठे, पोल्ट्री शेड, गुऱ्हाळं, घराच्या टेरेसवरचा पत्रा, अजून स्थानिक फॅब्रिकेटरचंच राज्य आहे. ते लवकर जाईल असं वाटत नाही. प्रत्येक घराची गच्ची वेगळी, गल्ली अरुंद, क्रेन आत शिरत नाही. बेळगावातल्या शहापूरच्या बोळात पत्रा खांद्यावरूनच न्यावा लागतो.

ड्रोनने छप्पर मोजतात म्हणे. मग मोजमाप करणाऱ्याचं काय?

मोजतात. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मोठ्या कारखान्याच्या छपरावर कुठे गंज आहे, कुठे पत्रा उचकटला आहे, हे ड्रोनने चढल्याशिवाय दिसतं. हे चांगलंच आहे.

बेळगावात मात्र जपून. सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे बऱ्याच जागी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे दाखवले आहेत. आधी ते बघा.

घराच्या छपराला ड्रोनची गरज नाही. मोबाइलचा कॅमेरा लांब काठीला बांधून पाखं बघणारे मेस्त्री आपल्याकडे आहेत, आणि तेवढं पुरतं.

यंत्र आलं तर पडून मरणारे कमी होतील का?

व्हायला पाहिजेत. यंत्राचं स्वागत करायचं असेल तर ते आधी या एका कारणासाठी करावं.

छपरावरून पडण्याचे दोन प्रकार आपल्याकडे नेहमीचे. काठावरून पाय सुटणं हा पहिला. दुसरा, सिमेंटच्या पत्र्यातून थेट खाली जाणं. सिमेंटचा पत्रा ऊन-पावसात वर्षानुवर्षं राहून ठिसूळ होतो. वरून धड दिसतो. माणूस पर्लिनवर पाय ठेवायचा सोडून दोन पर्लिनच्या मधे ठेवतो आणि पत्र्यासकट खालच्या फरशीवर येतो. जुन्या वखारी, गोदामं, कारखान्यांची दुरुस्ती करताना हे फार घडतं, आणि बातमी आली तर आतल्या पानावर चार ओळींत येते.

यावर रोबोट लागत नाही. पत्र्यावर आडव्या फळ्या टाकायच्या आणि फळीवरूनच चालायचं. कमरेच्या पट्ट्याऐवजी अंगभर बांधायचा हार्नेस घ्यायचा, आणि त्याचा दोर पत्र्याच्या हुकाला न अडकवता कैचीला अडकवायचा. पावसाची भुरभुर सुरू झाली की खाली उतरायचं. ‘आज संपवून टाकू’ म्हणणाऱ्या मालकाला नाही म्हणायची जबाबदारी मेस्त्रीची आहे. मालक दोन शब्द बोलेल, ते ऐकून घ्यावेत. सिझर लिफ्टचं भाडं महाग वाटतं, पण खालून उभं राहून काम होत असेल तर भाडं कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून मागावं.

कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, हे देशात १९२३ पासून कायद्यात आहे. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो. बँक खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या कुणालाही तो घेता येतो. छपरावर चढणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याच्या हेल्परने आजच घ्यावा.

सिमेंट पत्रा ग्राइंडरने कापला तर चालतं का?

कापू नका. त्यात ॲसबेस्टॉस असतं, आणि ग्राइंडरच्या धुळीतून ते फुफ्फुसात जाऊन बसतं. आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो, तोवर कामाचा आणि आजाराचा संबंध कुणाला आठवत नाही. हातकरवतीने, पत्रा ओला करून, मोकळ्या हवेत, चांगला मास्क लावून कापा. जुना पत्रा फोडून रस्त्यात भर म्हणून टाकू नका. हत्यार जितकं वेगवान तितकी धूळ जास्त, हे या पत्र्याबाबत कायम लक्षात ठेवा.

मशीन कुणी घ्यावं? मुकादमाने की टोळीने?

जमलं तर टोळीने. मिक्सर-लिफ्ट आली तेव्हा ज्या टोळ्यांनी मिळून ती विकत घेतली, त्या आज स्लॅबची कामं उक्ती अंगावर घेतात. ज्यांनी घेतली नाही, ते त्याच मिक्सरवर रोजाने जातात. गवंडी तेच, गाव तेच, फरक मशीन कुणाच्या दारात उभं आहे याचा.

पाच-सहा जणांनी मिळून दोन चांगल्या स्क्रू गन, चार हार्नेस, एक छोटी विंच आणि एक लोखंडी परांची एवढं उभं करणं अशक्य नाही. पतसंस्था आणि सोसायट्या आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. पण कर्ज काढण्याआधी कागदावर हिशेब करा: वर्षात किती महिने काम असतं, पावसाळ्यात हप्ता कुठून भरणार, मशीन नादुरुस्त झालं तर कोण दुरुस्त करणार. पावसाळ्याचे चार महिने विसरून घेतलेल्या कर्जाने बरेच जण बुडालेत. हिशेब वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या, भाऊ-भाऊ असलात तरी.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत छपराचे कामगार बसतात का?

थेट ‘छप्परवाला’ असा व्यवसाय त्या यादीत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, गवंडी, लोहार आणि कुंभार आहेत. कौलं परतणारा बहुतेक वेळा सुतारच असतो, स्लॅबवाला गवंडी असतो. ज्याचं काम यात बसतं त्याने अर्ज करावा. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारण न ठेवता आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी सोय आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते घरात आधी ठरवा.

सोलरचं काम आपल्याला जमेल का?

जमेल, आणि ते येतंच आहे. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ३ किलोवॅट आणि त्याहून मोठ्या संचाला घरमालकाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून शहरातल्या गच्च्यांवर पॅनेल चढू लागले आहेत. आपल्याकडे मीटर आणि मंजुरीचं काम हेस्कॉम या वीज कंपनीकडे असतं.

वायरिंग हे इलेक्ट्रिशियनचं काम. पण पॅनेलचा लोखंडी सांगाडा उभा करणं, गच्चीला किंवा पत्र्याला भोक पाडल्यावर तिथून पाणी शिरू न देणं, वाऱ्याला तो उडू नये म्हणून पाया धरणं, हे छपरावाल्याचंच काम आहे. सोलर बसवल्यावर गळती लागल्याच्या तक्रारी येतात, कारण भोक पाडणाऱ्याला छपराची जाण नसते. ज्या फॅब्रिकेटरला दोन्ही कळतं त्याला पुढची काही वर्षं काम कमी पडणार नाही.

कामगार कार्ड कर्नाटकाचं काढावं की महाराष्ट्राचं? आम्ही दोन्हीकडे जातो.

सीमाभागातला खरा गुंता हा आहे. राहणं बेळगावच्या खेड्यात, दोन महिने चंदगड-गडहिंग्लजला, चार महिने चोर्ला घाट उतरून गोव्यात, उरलेले दिवस घरापाशी.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे मंडळाच्या नोंदणीला वय १८ ते ६० लागतं आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. प्रत्येक राज्याचं मंडळ वेगळं आहे. ज्या राज्यात तुमचं जास्त काम होतं आणि जिथे ९० दिवसांचा दाखला नीट मिळतो, तिथे नोंदणी करा. दोन्हीकडे कार्ड काढायच्या फंदात पडू नका. तपासणीत दोन्ही अडकतात. कुठल्या साइटवर किती दिवस, मालक कोण, याची एक वही ठेवा आणि साइटवरचा फोटो काढून ठेवा. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड देशभर चालतं, तेही काढा. ते मंडळाच्या कार्डाची जागा घेत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

याचा यंत्राशी संबंध काय, असं काही जण विचारतात. थेट संबंध आहे. मंडळाचा पैसा उपकरातून येतो, आणि उपकर बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का बसतो, मजुरांच्या संख्येवर बसत नाही. इमारत पन्नास माणसांनी बांधली की पाच माणसं आणि पंपाने, उपकर भरावाच लागतो. म्हणजे ज्या बांधकामाने तुमचं काम यंत्राला दिलं, त्याच बांधकामाचा पैसा मंडळात जमा होतो. आजारपण, अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, निवृत्तीवेतन यासाठी तो आहे. घमेलं गेलेल्या बाईचा त्यावर पहिला हक्क असायला हवा, आणि कार्ड नसेल तर तिला त्यातला रुपया मिळत नाही. म्हणून काम हातात आहे तोवर कार्ड काढा. काम सुटल्यावर ९० दिवस कुठून आणणार?

अर्ज, सूचना, मशीनची माहिती, सगळं कन्नडमध्ये असतं. आम्ही मराठी शाळेत शिकलो.

ही अडचण खरी आहे आणि ती मांडत राहिलं पाहिजे. भाषिक अल्पसंख्याक म्हणून मराठीत कागद मागण्याचा आग्रह आपल्याकडे जुना आहे. पण तो निकाली निघेपर्यंत कार्ड थांबवू नका. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता येणारी कॉलेजची मुलं आहेत, युवक मंडळं आहेत. महिन्यातून एक रविवार देवळात किंवा समाज मंदिरात बसून अर्ज भरून दिले तर एजंटला पैसे द्यावे लागत नाहीत.

साइटवर तर मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी सगळं चालतं. थोडं कन्नड वाचता आलं तर सुरक्षेची पाटी आणि मशीनवरची सूचना कळते, ते आपल्याच जिवाच्या कामाचं आहे.

मुलाला या धंद्यात घालावं का?

नुसतं ओझं वाहायला असेल तर घालू नका. ते काम त्याच्या तिशीपर्यंत राहील याची खात्री नाही.

मेस्त्री करायला असेल तर जरूर घाला. फक्त त्याच्या बरोबरीने आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर किंवा ड्राफ्ट्समन यातलं एक करू द्या. दहावी झालेला मुलगा नकाशा वाचतो, मोबाइलवर अंदाजपत्रक करतो आणि आजोबांकडून कौल बसवायला शिकतो, असं तिन्ही एका हातात आलं तर त्याला गोव्याला जायची गरज पडणार नाही. पगार लगेच कारखान्याइतका दिसणार नाही. पाच वर्षं धीर धरावा लागेल, हे त्याला आधीच सांगा.

घरमालक म्हणून मी काय करू शकतो?

मेस्त्रीला मेमध्ये घाईने बोलावण्यापेक्षा फेब्रुवारीत बोलवा. सवड असली की तो फळ्या टाकून, दोर बांधून काम करतो. कोटेशनमध्ये हार्नेस, परांची आणि लिफ्टचं भाडं वेगळं लिहायला सांगा आणि त्यावर घासाघीस करू नका. टोळीतल्या सगळ्यांची कार्डं आहेत का ते विचारा, नसतील तर ९० दिवसांच्या दाखल्यासाठी तुमच्याकडचे दिवस सहीनिशी लिहून द्या.

कौलारू घर असेल तर उतरवण्याआधी एकदा नीट तपासून घ्या. बऱ्याचदा रिपा आणि काही वासे बदलले की छप्पर पुढची पंधरा-वीस वर्षं उभं राहतं. चांगली कौलं फेकू नका, जुन्या पक्क्या भाजणीची कौलं आता सहज मिळत नाहीत. अंगणाच्या कडेला भिंतीला टेकवून उभी रचून ठेवा, दुरुस्तीला लागतात. आणि पाखं परतताना शेजारचा एखादा पोरगा खालून बघत उभा असेल, तर मेस्त्रीला सांगून त्याला रोजावर ठेवून घ्या.